दुरुस्ती कुणाच्या नावावर?

माझ्या सासऱ्यांच्या मते मी टायपिंग करते.

लग्नानंतर त्यांनी एकदा विचारलं होतं, "ऑफिसात नेमकं काय करतेस गं?" मी तेव्हा नवी सून, उत्साह नुसता उतू चाललेला. मी त्यांना सगळं बैजवार समजावलं. आम्ही दातांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. त्यात अपॉइंटमेंट असतात, बिलं असतात, प्रत्येक पेशंटच्या दातांचा नकाशा असतो. आणि आठवडाभरात जे बदल होतात ते गोळा करून दर शुक्रवारी सगळ्या दवाखान्यांना पाठवायचे, ज्याला आम्ही रिलीज म्हणतो, ते माझं काम. बाबा स्वतः दातांचे डॉक्टर. पेशंटची तक्रार ऐकावी तसं त्यांनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्यांना सांगितलं, "सून टायपिंग करते. हात चांगला बसलाय."

पुढे त्यांनी आमचंच सॉफ्टवेअर आपल्या दवाखान्यात बसवून घेतलं, तरी मी टायपिंगच करत राहिले. नवरा म्हणतो, "सोड ना, मनाला कशाला लावून घेतेस." त्याचं काय जातंय? तो पूल बांधतो. त्याला कुणी "मुलगा सिमेंट कालवतो" म्हणत नाही.

तर रिलीज. आमच्याकडे प्रत्येक प्रोग्रॅमर आपला बदल जमा करताना सोबत एक ओळ लिहितो: मी काय केलं. तिला कमिट मेसेज म्हणतात. शुक्रवारी मी आठवड्याच्या सगळ्या ओळी वाचायच्या, त्यातून डॉक्टरांना कळेल असं काहीतरी लिहून काढायचं, व्हर्जनचा नंबर, म्हणजे टिंबांनी जोडलेले तीन आकडे, ठरवायचा आणि पाठवून द्यायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण ओळी लिहिणारी माणसं बघा. खिडकीजवळ बसतो तो मौनीबाबा. त्याच्या ओळी: "झालं." "आता झालं." "आता खरंच झालं." त्याच्या समोर बसते ती कादंबरी. तिची ओळ सुरू व्हायची, "काल संध्याकाळी मी निघतच होते, तेवढ्यात मनात आलं की", आणि बाईंनी बदल नेमका काय केलाय हे कळेपर्यंत माझा चहा गार. वर आमचे मालक. कंपनी काढली तेव्हा सगळं सॉफ्टवेअर त्यांनी एकट्याने लिहिलं होतं, आणि अजूनही अधूनमधून हात घालायची हौस दांडगी. ते लिहायचे, "किरकोळ." मालकांच्या एका किरकोळ बदलानंतर सगळ्या दवाखान्यांची बिलं गायब झाली होती.

शेवटी माझं डोकं फिरलं आणि मी नियम काढला. ओळीचा पहिला शब्द ठरलेला असेल. डॉक्टरांना काही नवं मिळणार असेल तर 'नवीन'. बिघडलेलं नीट केलं असेल तर 'दुरुस्ती'. आतल्या आत आवराआवर केली असेल, जिच्याशी डॉक्टरांना काही कर्तव्य नाही, तर 'साफसफाई'. आणि बदल असा असेल की त्यानंतर जुनी पद्धत चालणारच नाही, सगळ्यांना नव्याने शिकावं लागेल, तर 'मोडतोड'. बाकीचं काम यंत्राचं. शुक्रवारी चार वाजता ते ओळी वाचेल. दुरुस्ती दिसली की व्हर्जनचा शेवटचा आकडा एकने वाढवेल, नवीन दिसलं की मधला, मोडतोड दिसली की थेट पहिला. मग त्या ओळी जशाच्या तशा चिकटवून 'काय बदललं' असं पत्रक करेल आणि नव्या व्हर्जनसोबत सगळ्या दवाखान्यांना पाठवून मोकळं होईल. नुसतीच साफसफाई असेल तर काहीच पाठवणार नाही. आपण घर झाडलं म्हणून कुणी गावभर सांगत फिरतं का?

"मध्ये माणसाने हात घालायचा नाही," मी मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून सांगितलं. "मीसुद्धा नाही."

पहिल्याच आठवड्यात मौनीबाबाने एका बटणाचा रंग बदलला आणि लिहिलं, 'मोडतोड'. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "शब्द आवडला." तोवर यंत्राने सगळ्या दवाखान्यांना कळवलंही होतं की जुनी पद्धत आता बंद, कृपया कर्मचाऱ्यांना नव्याने शिकवावे. आमच्या बाबांनी दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवून रिसेप्शनवरच्या बाईंची शिकवणी घेतली. काय शिकवलं ते दोघांनाही सांगता आलं नाही, पण घरी येऊन म्हणाले, "जुनं आता चालणार नाही. सगळं नव्याने शिकायचं. कडक पत्र होतं."

ते एक सोडलं तर गाडी रुळावर आली. शुक्रवारी मी वेळेवर घरी जायला लागले. माणसाला रिकामा वेळ मिळाला की त्याला कल्पना सुचतात, तशी मला सुचली. हॉलमधल्या भिंतीवर मोठा स्क्रीन होता, त्यावर मी एक फळा चढवला: प्रत्येकाचं नाव, आणि त्यापुढे त्याची किती 'नवीन' आणि किती 'दुरुस्ती'. जरा चुरस येईल, मजा येईल, असं मला वाटलं.

मजा मालकांना आली. रोज चहाचा कप घेऊन ते फळ्यासमोर उभे राहायचे आणि मोठ्यांदा वाचायचे. "अरे वा, कादंबरीबाई! पाच दुरुस्त्या! म्हणजे पाच ठिकाणी बिघडवून ठेवलं होतंत?" बोलायचे चेष्टेनेच. पण चेष्टा कशी वाटते ते जिची झाली तिला विचारावं. हळूहळू फळ्यावरच्या दुरुस्त्या कमी होत गेल्या, मग एकही दिसेना, आणि त्या दिवसांत 'नवीन' म्हणण्यासारखं कामही हाती नव्हतं. मी मालकांना अभिमानाने सांगितलं की आपल्याकडे आता चुकाच होत नाहीत. मालकांनी सगळ्यांना आइस्क्रीम दिलं. मौनीबाबा आइस्क्रीम खाताना माझ्याकडे बघत नव्हता, पण तो कुणाकडेच बघत नाही, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

आणि मग एकदा जेवताना बाबा म्हणाले, "सूनबाई, तुमचं ते मशीन काढलेल्या दाढेलासुद्धा तपासणीला बोलावतं."

"म्हणजे?"

"म्हणजे मी सकाळी दाढ काढतो, नकाशात 'काढली' अशी खूण करतो, आणि संध्याकाळी पेशंटला मेसेज जातो, 'आपल्या दाढेची तपासणी राहिली आहे, कृपया यावे.' काल एकाने फोन केला. म्हणाला, डॉक्टर, दाढ तुमच्याकडेच राहिलीये, तुम्हीच घ्या तपासून."

नवरा हसायला लागला. मी त्याच्याकडे बघितलं तसा थांबला. पण बाबा हसत नव्हते. दंतवैद्यांच्या संघटनेची बैठक पुढच्या आठवड्याच्या शनिवारी होती, आणि त्यात आपण हे सॉफ्टवेअर पडद्यावर दाखवणार असं त्यांनी आधीच जाहीर करून टाकलं होतं. बैठकीला त्यांचे जुने दोस्त आणि त्याहून जुने प्रतिस्पर्धी, कवळ्या बसवण्यात नाव काढलेले एक डॉक्टर, पुढच्याच रांगेत बसणार होते. सगळे त्यांना कवळीवालेच म्हणतात. कवळीवाले अजून कागदी वहीवर काम करतात आणि बाबांच्या संगणकाची टर उडवायची एकही संधी सोडत नाहीत.

"मी सगळ्यांना सांगितलंय," बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "की हे माझ्या सुनेच्या ऑफिसचं आहे."

इतक्या वर्षांत बाबांनी माझं काम चार लोकांत आपणहून सांगितल्याचं मला आठवत नव्हतं, टायपिंगचं कौतुक सोडून. आता तेच काम काढलेल्या दाढांना आमंत्रणं धाडत त्यांचं हसं करणार होतं, आणि ते झालं असतं तर मी पुढे जन्मभर टायपिंगच केलं असतं.

"या शुक्रवारी नीट होऊन येईल, बाबा," मी छातीठोकपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात सांगितलं. "तो भाग माझा आहे, माझ्यावर सोडा," मालक म्हणाले, आणि दोनच दिवसांत जाता जाता माझ्या टेबलावर टिचकी मारून गेले, "झालं ते." मी निश्चिंत झाले. शुक्रवारी चार वाजता यंत्र आपलं काम करेल म्हणून वेळेवर घरी गेले.

पुढच्या आठवड्यात बाबा म्हणाले, "दाढा अजून येतायत." मी सांगितलं, संगणक बंद करून परत चालू करा. त्यांनी केला. परत म्हणाले, "येतायत." मग बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी ते दारात बूट घालत होते. लेस बांधता बांधता, वर न बघता म्हणाले, "सूनबाई, होत नसेल तर सांग. मी उद्या आजारी पडतो."

बाबा कधी आजारी पडत नाहीत. तापातसुद्धा दवाखान्यात जाऊन बसणारा हा माणूस माझ्यासाठी खोटं आजारपण काढायला निघाला होता. मला इतकं वाईट वाटलं की मी नाश्ता तसाच टाकून ऑफिसला पळाले.

यंत्र काय करतंय ते मी पहिल्यांदाच उघडून बघितलं. कितीतरी शुक्रवार त्याने एकच वाक्य लिहून ठेवलं होतं: "पाठवण्यासारखे काही नाही." खाली आठवड्यांच्या ओळी होत्या. साफसफाई. साफसफाई. साफसफाई. "साफसफाई: तारखांच्या भागात जरा झाडून घेतलं", ही कादंबरी. "साफसफाई: झालं", हा मौनीबाबा. आणि त्यांच्यामध्ये मालक: "साफसफाई: दातांच्या कपाटावरची धूळ पुसली."

इतके आठवडे सगळे जण निमूटपणे चुका सुधारत होते आणि त्यातली एकही ऑफिसच्या दाराबाहेर गेली नव्हती.

"हे काय आहे?" मी हॉलमध्ये उभी राहून ओरडले. "आपण सॉफ्टवेअर बनवतो की केर काढतो?"

मौनीबाबा खिडकीबाहेर बघू लागला. कादंबरीने तोंड उघडलं, "अगं ताई, त्याचं काय झालं, मी लिहिणारच होते दुरुस्ती म्हणून, पण मग मालक आले फळ्यासमोर, आणि मला आपलं वाटलं..." पुढचं तिने गिळलं, कारण मालक खरोखरच चहा घेऊन आले होते.

"मालक, ही धूळ नव्हे," मी म्हणाले. "ही दाढांची ती चूक, हा बग आहे. तुम्ही नीट केलात, पण साफसफाई म्हणून लिहिलंत, म्हणून तो कुणालाच मिळाला नाही."

"बग म्हणजे काय, जुना कोड आहे तो."

"कुणाचा?"

मालक कपात बघू लागले. "असं बघा," ते हळू आवाजात म्हणाले, "बाकीच्यांचं ठीक आहे. पण मालकाच्याच नावापुढे दुरुस्ती... बरं दिसतं का ते?"

लिहिलेल्या जुन्या ओळी बदलता येत नाहीत. पण चारच्या आत कुणीही 'दुरुस्ती' म्हणून एक नवी ओळ जमा केली असती तर यंत्राने मागचं सगळं उचलून पाठवलं असतं. "कुणीतरी लिहा," मी म्हणाले. कादंबरी टेबल आवरायला लागली. "ठीक आहे, मीच लिहिते. त्यात काय एवढं?" म्हणून मी तरातरा खुर्चीवर जाऊन बसले आणि टाइप केलं: दुरुस्ती.

आणि माझा हात थांबला. समोर भिंतीवर माझं नाव होतं. त्यापुढे शून्य. ऑफिसात माझं एकटीचंच पहिल्या दिवसापासून शून्य होतं, आणि खरं सांगते, जाता-येता त्या शून्याकडे बघायला मला फार आवडायचं. आता तिथे एक येणार. मालक वाचणार, "अरे वा, ताई! तुम्हीसुद्धा?" एका आकड्यासाठी माझं बोट बटणावर जाईना, तिकडे बाबा आजारी पडायची तयारी करत होते, आणि मी ह्या लोकांवर केर काढता म्हणून ओरडत होते!

मला स्वतःचाच असा राग आला की मी उठले, खुर्ची भिंतीला लावली, वर चढले आणि स्क्रीनची वायर उपटून काढली. मग खाली उतरून ओळ पुरी केली: "दुरुस्ती: प्रत्येकाने आपली चूक लपवावी अशी सोय मी हॉलमध्ये करून ठेवली होती. ती काढून टाकली."

मग कादंबरीच्या की-बोर्डचा आवाज सुरू झाला आणि बराच वेळ थांबला नाही. मौनीबाबाने दोन्ही हातांनी टाइप केलं, जे आम्ही कधी पाहिलं नव्हतं. मालक काळ्या स्क्रीनसमोर थोडा वेळ उभे राहिले, वाचायला काहीच नाही म्हटल्यावर आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. चारच्या ठोक्याला यंत्राने सगळं उचललं. माझ्या जिवात जीव आला.

तो फार टिकला नाही. "ताई," कादंबरी एकदम म्हणाली, "आपण लिहिलेल्या ओळी डॉक्टरांना जातात ना? जशाच्या तशा?"

ऑफिसातली उणीदुणी एव्हाना सगळ्या दवाखान्यांत पोचत होती. "थांबवा ते!" मी किंचाळले.

"मध्ये माणसाने हात घालायचा नाही," मौनीबाबा म्हणाला. त्याचं वर्षातलं ते सगळ्यात मोठं वाक्य होतं.

शनिवारी लॅपटॉप सांभाळायला म्हणून बाबा मला बैठकीला घेऊन गेले. रात्रभर मी त्यांना सांगू की नको करत राहिले होते आणि शेवटी सांगितलं नव्हतं. पहिल्या रांगेत कवळीवाले हाताची घडी घालून बसले होते. बाबांनी घसा साफ केला, मी सॉफ्टवेअर उघडलं, आणि नवं व्हर्जन पहिल्यांदा उघडलं की येते ती 'काय बदललं'ची खिडकी भल्यामोठ्या पडद्यावर आली.

मी ती बंद करायला हात पुढे केला. "थांब," बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा लावला आणि पेशंटला एक्स-रे वाचून दाखवावा अशा आवाजात वाचायला सुरुवात केली.

"दुरुस्ती. काढलेल्या दाताला तपासणीला बोलावणे बंद केले. ही चूक पहिल्या दिवसापासून माझी आहे. दात एकदा काढला की तो जातो, हे माझ्या लक्षातच आले नव्हते." खाली मालकांचं नाव होतं. सभागृहात खसखस पिकली. "दुरुस्ती. नाव लांब असेल तर बिलावर अर्धेच येत होते. मला माहीत होते. आता झाले." हा मौनीबाबा. "दुरुस्ती. मी त्या दिवशी घाईत होते, का ते सांगत बसत नाही, पण सुट्टीचे वार मोजायचे राहिले आणि काही पेशंट बंद दवाखान्यासमोर उभे राहिले, त्यांची मी मनापासून माफी मागते, विशेषतः ज्यांचा दात दुखत होता त्यांची." आता सगळे खो-खो हसत होते. शेवटी बाबांनी माझी ओळ वाचली. ती वाचताना त्यांचा आवाज जरा हळू झाला.

"हे काय, सॉफ्टवेअर आहे की कबुलीजबाब?" कवळीवाले ओरडले.

बाबांनी स्वतःच्याच दातांचा नकाशा उघडला, एका शाबूत दाताच्या तपासणीची आठवण पाठवली, आणि टेबलावरचा त्यांचा फोन वाजला. मग अक्कलदाढेवर 'काढली' अशी खूण केली आणि तिची आठवण पाठवायचं बटण दाबलं. सगळं सभागृह फोनकडे बघत बसलं. फोन गप्प. आणखी थोडा वेळ गप्प. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि पाठोपाठ सगळ्यांनी. फोन वाजला नाही म्हणून टाळ्या पडताना मी पहिल्यांदाच पाहिल्या.

"मी एकदा दुखरी सोडून शेजारची दाढ काढली होती," कवळीवाले अचानक म्हणाले. "कुणाला बोललो नाही कधी." मग ते खाकरले. "ह्या लोकांचा नंबर दे मला. चुका लिहून पाठवणारी माणसं बरी."

बाबांनी माइक हातात घेतला. "माझीही एक आहे," ते म्हणाले. "ही माझी सून. टायपिंग करते, असं मी तुम्हा सगळ्यांना सांगत आलो. दुरुस्ती." आणि माइक ठेवून खाली बसले. मी लॅपटॉपच्या पडद्यामागे तोंड लपवलं आणि नको असलेली बटणं दाबत राहिले.

परत येताना गाडी ते चालवत होते. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "सूनबाई, मघाशी मी ती दुरुस्ती केली. तिने तुमच्या व्हर्जनचा आकडा कुठला वाढतो?"

"शेवटचा, बाबा. एकने."

"बास? एवढाच?"

"दुरुस्तीने तेवढाच वाढतो."

"इतकी वर्षं लोकांना चुकीचं सांगत फिरलो मी. शेवटच्या आकड्यात नाही मावायचं ते." ते सिग्नलकडे बघत होते. "ते कडक पत्र आलं होतं ना मागे. जुनं आता चालणार नाही, सगळं नव्याने शिकायचं. त्याला काय म्हणतात तुमच्यात?"

"मोडतोड," मी म्हणाले.

"हां," बाबा म्हणाले. "मग तेच लिही."